१९७८ : शरद पवार काँग्रेसमध्येच राहिले असते तर?

‘पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलं नसतं तर ते केव्हाच पंतप्रधान झाले असते.’ महाराष्ट्रात हे वाक्य पारावर, एसटीत आणि लग्नाच्या पंगतीत इतक्या वेळा ऐकू येतं की ते तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही. या प्रकरण अभ्यासात तेवढंच करायचं आहे.

त्यासाठी एक पथ्य पाळलं आहे. जुलै १९७८ मधला एकच निर्णय बदलायचा, बाकी देशात जे घडलं ते तसंच ठेवायचं. जनता पक्ष फुटणारच, इंदिरा गांधी परत येणारच. हे पथ्य मोडलं की पर्यायी इतिहासाची कादंबरी होते. ज्यांची नावं सार्वजनिक इतिहासात आहेत तीच इथे घेतली आहेत. पवारांच्या मागे गेलेले आमदार निनावीच ठेवले आहेत. त्यांच्यातले बरेच जण पुढे इतक्या वेळा इकडून तिकडे गेले की नावं घेऊनही फारसा उलगडा झाला नसता.

पार्श्वभूमी

आणीबाणीनंतर मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला. महाराष्ट्रातही पक्षाला ४८ पैकी जेमतेम २० जागा मिळाल्या. शंकरराव चव्हाणांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि वसंतदादा पाटील आले. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला, पुढे सहकारातून वाढलेला हा नेता. शिक्षण बेताचं, पण माणसांची पारख पक्की.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस दुभंगली. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता यातूनच सुरू होतो. त्या वेळी बाहेर पडल्या त्या इंदिरा गांधी. ब्रह्मानंद रेड्डी अध्यक्ष असलेल्या मूळ संघटनेत यशवंतराव चव्हाण, वसंतदादा आणि शरद पवार राहिले. म्हणजे त्या जानेवारीत पवारांनी पक्ष सोडला नव्हता, ते होते तिथेच होते.

पाठोपाठ फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२, शेकापला १३, मार्क्सवाद्यांना ९ आणि अपक्षांना २८ मिळाल्या. बहुमताला १४५ हवे होते. दोन्ही काँग्रेस एकत्र येऊनही आकडा १३१ वरच अडत होता. तरी जनता पक्षाला बाहेर ठेवण्यासाठी दोघांनी हातमिळवणी केली, अपक्षांची जोड घेतली आणि मार्चमध्ये सरकार बसवलं. मुख्यमंत्री वसंतदादा आणि उपमुख्यमंत्री इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे. राज्यात उपमुख्यमंत्रिपद हा प्रकार तेव्हा पहिल्यांदाच आला. पवार उद्योगमंत्री झाले.

पेच

महिन्याभरापूर्वी ज्यांच्या विरोधात गावोगाव सभा घेतल्या, त्यांच्याच मांडीला मांडी लावून आता बसायचं होतं. मंत्रालयात ते एकवेळ जमून जातं. तालुक्यात जमत नाही. बाजार समिती, साखर कारखाना, जिल्हा परिषद, जिथे जावं तिथे दोन्ही काँग्रेसचे लोक एकमेकांसमोर उभे होते.

त्यात तिरपुडे. विदर्भातले, इंदिरानिष्ठ आणि तोंडाने फटकळ. यशवंतरावांवर जाहीर टीका करताना आपण त्यांच्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यासोबत सरकार चालवतोय याची त्यांनी कधी भीड बाळगली नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना यशवंतरावांवरचं असं बोलणं झोंबणं साहजिक होतं. वसंतदादा ते ऐकून घेत होते. त्यांना सरकार टिकवायचं होतं, आणि दिल्लीतलं वारं कुठे वळतंय हेही बहुधा त्यांना दिसू लागलं असावं.

पवारांच्या बाजूने एवढीच तात्त्विक चीड होती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. १९६७ मध्ये सव्विसाव्या वर्षी बारामतीतून आमदार झालेल्या, यशवंतरावांच्या सावलीत वाढलेल्या या मंत्र्याला संधी दिसत होती. आपली महत्त्वाकांक्षा आणि आपल्या लोकांचा संताप एकाच दिशेने वाहताना दिसला की राजकारणी माणूस सहसा थांबत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता. मंत्रिमंडळात राहायचं, तिरपुड्यांचं बोलणं कानाआड करायचं आणि दादांनंतरचा क्रमांक पक्का करायचा. वय हाताशी होतं. अडतीस पूर्ण व्हायलाही काही महिने होते.

दुसरा पर्याय होता मंत्रिपद सोडून पक्षात राहण्याचा. बाहेरून दबाव आणायचा आणि पक्षाला इंदिरा काँग्रेसपासून तोडायचं. यात प्रतिष्ठा होती, पण सत्ता हातची जाणार होती. आणि मंत्रिपद गेलेल्या माणसाभोवती आमदार किती दिवस टिकतात हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या पर्यायाची चर्चा फारशी होत नाही. वसंतदादांनाच सोबत घेऊन अख्ख्या ६९ जणांसह जनता पक्षाकडे जायचं. मग मुख्यमंत्री दादाच राहिले असते, सरकार इंदिरा काँग्रेसला वगळून चाललं असतं आणि पवारांनी दादांच्या ‘पाठीत खंजीर’ खुपसला, हे शब्द जन्मालाच आले नसते. पण ज्याला मुख्यमंत्री व्हायचं आहे तो हा मार्ग निवडेल कशाला? शिवाय आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या समाजवाद्यांना आणि जनसंघीयांना वसंतदादांच्या हाताखाली काम करणं पचलं असतं, असंही वाटत नाही.

चौथा पर्याय म्हणजे गट फोडून स्वतःच नेतृत्व करायचं. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तो १९८५ मध्ये आला. त्या कायद्यातही एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक होती, म्हणजे ६९ पैकी २३ पुरले असते. २००३ च्या दुरुस्तीनंतर मात्र दोन तृतीयांश, म्हणजे ४६ आमदार आणि दुसऱ्या पक्षात विलीनीकरण लागलं असतं. पवारांसोबत गेलेल्यांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो, पण चाळिसाच्या आसपासचा धरला तरी आजच्या कायद्यापुढे हा डाव बसला नसता.

काय केलं

जुलैमध्ये पावसाळी अधिवेशन चालू असतानाच गट बाहेर पडला. सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके, दत्ता मेघे यांनीही पवारांसोबत मंत्रिपदं सोडली. सरकार अल्पमतात गेलं आणि वसंतदादांनी राजीनामा दिला. १८ जुलै १९७८ रोजी पवारांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला.

त्यांच्या गटाला समांतर काँग्रेस म्हणत. जनता पक्ष, शेकाप, मार्क्सवादी, रिपब्लिकन गट यांच्याशी मोट बांधून पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे पुलोद, उभं राहिलं. ९९ आमदारांच्या जनता पक्षाने मुख्यमंत्रिपद चाळिसेक आमदारांच्या गटाला दिलं. त्या ९९ मध्ये समाजवादी, जनसंघी, संघटना काँग्रेसवाले असे सगळे होते. त्यांचं एका नावावर जमण्यापेक्षा बाहेरचा माणूस सोयीचा होता.

या सगळ्याला यशवंतरावांचा आशीर्वाद होता का? महाराष्ट्र या प्रश्नावर पंचेचाळीसहून जास्त वर्षं वाद घालतोय आणि निकाल लागण्याची चिन्हं नाहीत. या अभ्यासापुरतं एवढं पुरे की त्यांनी पवारांना जाहीरपणे तोडलं नाही आणि पुढे दोघं एकाच पक्षात दिसले.

परिणाम

शपथविधीनंतर नवव्या दिवशी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं गेली. अंमलबजावणी थांबली ती १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत. तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते. आधी ५४ दिवसांचा संप करून बसलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पुलोदने केंद्राच्या दराने महागाई भत्ता दिला. रोजगार हमीचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला तो याच सरकारच्या काळात.

मग दिल्ली फिरली. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागांसह परतल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ त्यांच्या. १७ फेब्रुवारीला नऊ राज्यांची सरकारं एकाच दिवशी बरखास्त झाली, त्यात पुलोदही गेलं. त्यानंतरच्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला १८६ आणि पवारांच्या काँग्रेसला ४७ जागा मिळाल्या. त्या ४७ मधलेही बहुतेक थोड्याच काळात पलीकडे गेले.

पवार गेले नाहीत. डिसेंबर १९८० मध्ये जळगाव ते नागपूर शेतकरी दिंडी निघाली. थंडीचे दिवस, कापसाचा पट्टा, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीपर्यंत मुख्यमंत्री असलेला माणूस रस्त्याने पायी चाललेला. १९८५ च्या निवडणुकीत त्यांच्या समाजवादी काँग्रेसला ५४ जागा मिळाल्या. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत ते काँग्रेसमध्ये परतले आणि जून १९८८ मध्ये मुख्यमंत्री झाले.

राहिले असते तर

आता तो एक निर्णय बदलून बघू. पवार जुलैमध्ये थांबतात, वसंतदादांचं सरकार लंगडत का होईना पुढे जातं. जुलै १९७९ मध्ये मोरारजींचं सरकार कोसळतं आणि पुढच्या जानेवारीत इंदिराजी परत येतात.

अशा वेळी संमिश्र सरकारांचं काय झालं असतं, याचा एक नमुना इतिहासातच आहे. हरियाणात भजनलाल यांनी जानेवारी १९८० मध्ये जनता पक्षाचं अख्खं सरकार इंदिरा काँग्रेसमध्ये नेलं. मुख्यमंत्री तेच, मंत्रिमंडळ बहुतेक तेच, पाटी तेवढी बदलली. महाराष्ट्रात तर इंदिरा काँग्रेस आधीपासूनच सत्तेत असती. वसंतदादा पुढे तिकडे गेलेच आणि १९८० मध्ये सांगलीतून त्याच पक्षाचे खासदार झाले. तेव्हा मुख्यमंत्री असते तर सरकारसकट गेले असते असा अंदाज करायला हरकत नाही. विधानसभा बरखास्त झाली नसती. मग जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले नसते, सिमेंट प्रकरण, म्हणजे सिमेंटच्या कोट्यासाठी देणग्या घेतल्याच्या आरोपाचं प्रकरण, त्या रूपात घडलं नसतं आणि बाबासाहेब भोसले यांचं वर्षभराचं मुख्यमंत्रिपदही आलं नसतं.

इथवर गाडी बरी चालते. पुढे मात्र रुतते. आपल्या ताकदीवर उभा राहिलेला प्रांतिक नेता इंदिराजींना कधी फारसा रुचला नाही. दादांना त्या किती दिवस ठेवत्या? आणि दादांना हलवल्यावर यशवंतरावांच्या मुशीतल्या तरुण मंत्र्याला बसवत्या, की तिरपुड्यांसारख्या निष्ठावंताला? मला दुसरी शक्यता बरीच जास्त वाटते. प्रत्यक्षात १९८० ते १९८८ या आठ वर्षांत काँग्रेसने राज्याला पाच मुख्यमंत्री दिले : अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव. सरासरी काढली तर प्रत्येकाला दोन वर्षंही मिळत नाहीत. पवार आत असते तर फार तर १९८५ मध्ये, वसंतदादांनी राजीनामा दिला तेव्हा, त्यांचं नाव पुढे आलं असतं. म्हणजे तीन वर्षांचा फायदा. त्या बदल्यात पुलोदची दीड वर्षं, दिंडी आणि एन. डी. पाटील, एस. एम. जोशी यांच्यासारख्यांसोबत केलेलं काम हातून गेलं असतं. १९८६ मध्ये राजीव गांधींशी बोलताना खिशात असलेले ५४ आमदारही नसते.

राज्याच्या दृष्टीने आणखी एक फरक पडला असता. १९८० ते १९८६ या काळात विरोधाची मुख्य जागा पवारांनी अडवून धरली होती. ते काँग्रेसमध्ये परतल्यावर ती मोकळी झाली आणि १९९० मध्ये शिवसेनेचे ५२ व भाजपचे ४२ आमदार निवडून आले. पवार कधी बाहेरच पडले नसते तर ही जागा सहा-सात वर्षं आधीच रिकामी असती. तेव्हा ती कुणी घेतली असती? १९८० मध्ये भाजपला १४ जागा होत्या आणि शिवसेना काँग्रेसच्या जवळ होती. त्यामुळे शेकाप, जनता पक्ष आणि शेतकरी आंदोलनातून आलेली माणसं यांना एक खरी संधी मिळाली असती. दुसऱ्या बाजूने, पुलोदमुळे उत्तमराव पाटील, हशू अडवाणी यांच्यासारख्या जनसंघीयांना मंत्रिपदाचा जो पहिला अनुभव मिळाला, तो त्यांच्या परिवाराला १९९५ पर्यंत मिळाला नसता.

चुकीच्या तारखेवर बोट

हे सगळं मांडल्यावर शंकरराव चव्हाणांचं उदाहरण समोर येतं आणि पारावरच्या वाक्याचा पायाच हलतो.

शंकररावांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस, म्हणजे मसका, काढली होती. पुलोदमध्ये ते मंत्री होते. वसंतदादांचं सरकार पडल्यानंतर आलेल्या सत्तेत तेही सहभागी झाले. पण १९८० च्या लोकसभेआधी ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, नांदेडमधून निवडून आले, केंद्रात मंत्री झाले, पुढे राज्यात पुन्हा मुख्यमंत्री आणि १९९१ पासून पाच वर्षं देशाचे गृहमंत्री झाले. पुलोदमध्ये गेल्याचा डाग त्यांना कुणी आयुष्यभर चिकटवला नाही.

यशवंतरावांचं उलटं झालं. १९८० मध्ये त्यांच्या काँग्रेसचे राज्यातून निवडून आलेले ते एकमेव खासदार, साताऱ्याचे. नंतर ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, तोवर उशीर झाला होता. देशाचं संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र खातं सांभाळलेल्या, उपपंतप्रधान राहिलेल्या माणसाच्या वाट्याला आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद आलं.

तेव्हा दिल्लीच्या लेखी जुलै १९७८ ला काय केलं यापेक्षा १९७९ च्या अखेरीस कुठे होतात याला जास्त किंमत होती. आणि तेव्हा पवार इंदिरा काँग्रेसच्या बाहेरच थांबले. गंमत बघा : ज्याच्यावर पक्ष सोडल्याचा शिक्का बसला, तो माणूस जानेवारी १९७८ च्या फुटीनंतर इंदिरा काँग्रेसपासून सगळ्यात जास्त काळ, जवळजवळ नऊ वर्षं, बाहेर राहिला. दादा गेले, शंकरराव गेले, खुद्द यशवंतराव गेले.

१९९१ चा हिशेब

पंतप्रधानपदाचं काय? मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. काँग्रेसला महाराष्ट्रातून ३८ खासदार मिळाले होते, त्या बळावर पवारांनी दावा केला. निवड झाली ती नरसिंह रावांची, ज्यांनी ती निवडणूक लढवलीही नव्हती. पवारांना संरक्षण खातं मिळालं.

इथे ‘७८ नडलं’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अविश्वास होता हे खरं. पण तोवर कधीही पक्ष न सोडलेले अर्जुन सिंह हेही पंतप्रधान झाले नाहीत. नारायणदत्त तिवारी नैनितालमधून पराभूत झाले आणि शर्यतीबाहेर गेले. नुसती निष्ठा पुरत नव्हती. दहा जनपथला न खुपणारा, वयाने थकलेला आणि दक्षिणेतल्या खासदारांचा पाठिंबा असलेला माणूस हवा होता. पन्नाशीतला, स्वतःचा गट बाळगणारा मराठा नेता आयुष्यभर काँग्रेसमध्ये राहिला असता तरी या चौकटीत बसला नसता.

काय वेगळं करता आलं असतं

पवारांपुढे तिसरा पर्याय होता, तो त्यांनी निदान मांडून बघायला हवा होता. दादांना विचारलं आणि त्यांनी नकार दिला, एवढी नोंद जरी मागे राहिली असती तरी खंजिराची भाषा पुढची अनेक दशकं इतकी सहज चालली नसती. मंत्रिमंडळात बसून सरकार पाडणं आणि राजीनामा देऊन आठ दिवसांनी पाडणं यांत आकड्यांचा फरक नव्हता, पण लोकांच्या नजरेत मोठा पडला असता.

यशवंतरावांनी एकदा काय ते स्पष्ट बोलायला हवं होतं. होकार दिला असता तर पवारांना नैतिक आधार मिळाला असता, नकार दिला असता तर गट निम्मा झाला असता. त्यांनी दोन्ही टाळलं, आणि त्या मौनाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला.

वसंतदादांची चूक माझ्या मते सर्वात आधीची आहे, मार्चमधली. १३१ वर उभं राहिलेलं सरकार दोन्ही पक्षांची समन्वय समिती, बोलण्याचं बंधन आणि तालुका पातळीवरची वाटणी ठरवल्याशिवाय चालत नाही. उपमुख्यमंत्रिपद देताना यातलं काही पक्कं करून घेतल्याचं दिसत नाही. एप्रिलमध्येच तिरपुड्यांना आवर घाला, नाहीतर मी राजीनामा देतो, असं दादांनी इंदिराजींना कळवलं असतं तर? जनता पक्षाचं सरकार येऊ नये ही गरज त्यांनाही होती. तो पत्ता दादांच्या हातात चार महिने होता आणि तो त्यांनी टाकलाच नाही.